खंदकापलीकडची शाळा

बदलीचा हुकूम निघाला म्हणजे सरकार आपल्या कर्मचाऱ्याविषयी पुष्कळ गोष्टींचा विचार करते. सामान किती न्यावे, प्रवास कोणत्या वर्गाने करावा, नव्या जागी रुजू होण्यास किती दिवस मिळावेत, हे सारे नियमांत लिहिलेले असते. नागपूरहून कोलकात्याचे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक असल्यामुळे मला 12 दिवस मिळाले. एवढ्या अवधीत बिऱ्हाड बांधता येते, सोडता येते आणि मुलीचा शाळेचा दाखलाही काढता येतो. परंतु परक्या शहरातला रस्ता सात वर्षांच्या मुलीचे बोट धरून कसा ओलांडावा, याविषयी नियमावली मौन पाळते. आपणांपैकी जे फिरतीच्या नोकरीत आहेत, त्यांना हे मौन चांगले परिचयाचे असेल.

माझे स्वतःचे शालेय जीवन 1990 च्या दशकात नागपुरात गेले. सायकलरिक्षात आठ-दहा मुले कोंबलेली, मागे दप्तरांची माळ लोंबत असलेली, आणि चढ आला की खाली उतरून रिक्षा ओढणारे आमचे रिक्षावाले काका! शाळेला जाणे म्हणजे रहदारीशी सामना करणे, अशी कल्पना तेव्हा आमच्या आईवडिलांच्या मनालाही शिवली नसेल. रस्ता ही काकांची जबाबदारी होती, आणि काका ही साऱ्या मोहल्ल्याची.

कोलकात्यात आमचे बिऱ्हाड मौलालीच्या पूर्वेस आणि मुलीची शाळा पश्चिमेस. मध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस रस्ता आडवा पसरलेला. येथील खासगी बसच्या चालकाला व कंडक्टरला विकल्या गेलेल्या तिकिटांवर कमिशन मिळते. त्यामुळे एकाच मार्गाच्या दोन बस एकामागोमाग आल्या की पुढच्या थांब्यावरचा उतारू गाठण्यासाठी त्यांची जी शर्यत लागते, ती पाहून काळजाचा ठोका चुकावा. दोन बसच्या मधल्या फटीतून मोटारसायकल निघते, तिच्यामागून ऑटोरिक्षा. पहिल्या आठवड्यात मी मुलीचे मनगट इतके घट्ट धरीत असे की शाळेच्या दाराशी पोहोचल्यावर ती ते चोळत आत जाई.

त्यातच या शहराची एक अजब रीत आहे. येथले कित्येक रस्ते सकाळी एका दिशेने वाहतात आणि दुपारनंतर उलट दिशेने! सकाळी मुलीला मी पोहोचवितो, दुपारी पत्नी आणते. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, “अहो, सकाळी खिडकीतून पाहिलं तेव्हा गाड्या उजवीकडून येत होत्या. दुपारी पाऊल टाकणार, तो डावीकडून बस!” त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून नियम केला की, कोणताही फलक काही म्हणो, दोन्ही बाजूंना पाहिल्यावाचून पाऊल उचलायचे नाही.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही पट्ट्यांवरून अर्धा रस्ता ओलांडला आणि दिवा बदलण्याच्या आतच एक मिनीबस सुटली. मागे फिरावे तर मागूनही गाड्या. मुलगी माझ्या पायाला बिलगली. इतक्यात तिचा दुसरा हात कोणीतरी धरला. धोतर नेसलेले, हातात बाजाराची पिशवी असलेले एक वृद्ध गृहस्थ होते. पिशवीचा हात त्यांनी बसच्या तोंडासमोर असा काही उगारला की चालकाने करकचून ब्रेक दाबला. काहीतरी बंगालीत पुटपुटत त्यांनी आम्हांला पलीकडे नेले आणि ते चालू लागले. त्यानंतर बाजाराच्या वेळेला ते रोज भेटू लागले. मुलगी त्यांना ‘दादू’ म्हणू लागली.

एके दिवशी त्यांनी आमचे गाव विचारले. मी नागपूर म्हणून सांगताच ते खळखळून हसले व म्हणाले, “ताहोले आपनि बर्गी!” म्हणजे, तर मग तुम्ही बर्गी!

मग त्यांनीच मला सांगितले, आणि पुढे मी वाचूनही पाहिले. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742 मध्ये बंगालवर चालून आल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी बचावासाठी खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत, सहा महिन्यांत तीन मैल काम झाले आणि मराठे काही आले नाहीत. खंदक तसाच अपुरा राहिला. पुढे 1799 च्या सुमारास तो बहुतांशी बुजवून सर्क्युलर रोड केला गेला. आम्ही रोज जीव मुठीत धरून ओलांडतो तो रस्ता म्हणजे त्या सर्क्युलर रोडचाच एक भाग!

शाळेत या स्वाऱ्यांविषयी वाचताना माझी छाती फुगत असे. येथे बारगीर हा शब्द ‘बर्गी’ होऊन अंगाईगीतात शिरला आहे आणि दहा वर्षांच्या त्या स्वाऱ्यांत उजाड झालेल्या गावांचे भय त्या शब्दात साठले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नावाने येथली मुले निजविली गेली, त्यांच्याच गावच्या एका मुलीला खंदकापलीकडे नेण्यासाठी एक म्हातारा रोज पाच मिनिटे खोळंबून उभा राहत होता. हसत हसत ‘बर्गी’ म्हणण्याइतका तो इतिहास त्याने मागे टाकला होता. मला मात्र त्या दिवशी हसताना थोडे अवघडल्यासारखे झाले.

पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचले की आम्ही बसने जातो. उतरण्याची वेळ आली की कंडक्टर बसच्या पत्र्यावर थाप मारून ओरडतो, “आस्ते लेडीज, कोले बाच्चा!” हळू घ्या, बाई उतरताहेत, कडेवर मूल आहे! वस्तुतः बरोबर बाई नसते, मी असतो. आणि मूलही कडेवर नसून स्वतःच्या पायांनी उतरत असते. पण ही ललकारी ऐकली की शर्यतीतली बससुद्धा पुरती थांबते. या शहराने आपल्या बेशिस्त रहदारीत मुलांसाठी एवढी एक जागा राखून ठेविली आहे. ती कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही. माणसांच्या तोंडी आहे.

तीन-चार वर्षांनी पुन्हा हुकूम येईल. पुन्हा नवे शहर, नवा रस्ता आणि तेच 12 किंवा 15 दिवस. हल्ली मुलीचे मनगट मी पूर्वीसारखे आवळीत नाही. परवा पट्ट्यांवर आमच्या शेजारी एक गोंधळलेली बाई लहान मुलाला घेऊन उभी होती, बहुधा शहरात नवीनच आलेली. माझ्या मुलीने दोन्ही बाजूंना पाहिले, त्या मुलाचा रिकामा हात धरला आणि आपला इवलासा तळवा बसच्या दिशेने उगारला. बस थांबली.