सातांतले सहा

कडोली, 2025

19 फेब्रुवारी

आज तारखेची शिवजयंती. आमच्या बेळगाव भागात मोठा उत्सव असतो तो तिथीचा, वैशाख शुद्ध द्वितीयेचा, आणि त्यानंतर निघणारी रात्रभराची चित्ररथ मिरवणूक. ही चाल शंभर वर्षांहून जुनी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या नरगुंदकर भावे चौकातून एकामागून एक निघतात, प्रत्येकीवर सजीव देखावा असतो आणि पहाटेपर्यंत गावोगावची माणसे रस्त्यावर असतात.

संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाची मुले-मुली घरी आली. "बाई, औंदाचा देखावा तुम्हीच बसवा. इतिहास तुमचा विषय हाय." नेसरीची लढाई करायची हे त्यांचे ठरलेले होते. प्रतापराव गुजर कोण होणार यावर चौघे हटून बसले होते. "आणि बाकीचे सहा?" मी विचारले. कुणी बोलेना.

मी एक अट घातली. पोशाख भाड्याने आणून नुसते उभे राहायचे नाही. आधी शिकायचे: लाठी, फरी-गदका म्हणजे ढाल-काठीचा खेळ, जमला तर पट्टा. त्यांच्याबरोबर मीही शिकणार. गेल्या वर्षी याच दिवशी महाराष्ट्राने दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. मान मिळाला, आता तो हातात धरायला शिकवणाऱ्यांच्या पायाशी जाऊन बसायला हवे.

23 फेब्रुवारी

नेसरीला जाऊन आलो. उद्या 24 तारीख. 1674 साली त्याच दिवशी शिवाजी महाराजांचे सरनोबत प्रतापराव इथे पडले. त्याआधी उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखान हाती लागला होता. प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले, तो पुन्हा चालून आला, आणि महाराजांनी सरनोबतांना कडक शब्दांत जाब विचारला. तो बोल जिव्हारी लागला आणि मागच्या फौजेची वाट न पाहता सहा स्वारांनिशी ते खानाच्या सैन्यावर गेले. पुढे महाराजांनी राजाराम महाराजांसाठी प्रतापरावांची मुलगी जानकीबाई सून करून घेतली.

मुले स्मारकापाशी फोटो काढत होती. मी त्यांना खिंडीकडे तोंड करून उभे केले आणि म्हटले, प्रतापरावांना निदान स्वतःचा राग होता. त्यांच्या मागे घोडा घालणाऱ्या सहांना काय होते? आपला देखावा या प्रश्नाचा असू दे. परतताना वाटभर त्यावरच बोलणे चालले होते. प्रतापराव व्हायला हटून बसलेल्यांपैकी एक आपणहून म्हणाला, "बाई, मी सहांतला हुतो."

2 मार्च

शिकवायला कोल्हापूरकडचे एक वस्ताद रविवारी येऊ लागले आहेत. मर्दानी खेळाची परंपरा कोल्हापूरच्या तालमींनी जिवापाड जपली आहे. वस्तादांनी आल्याआल्या तलवारीचे नाव काढायचे नाही म्हणून बजावले. आधी सलामी, मग पवित्रा, मग हात. पाय कुठे पडतो हे कळेपर्यंत लाठीसुद्धा वर उचलायची नाही.

मुलींचे पाय मुलांपेक्षा लवकर बसले. मला ओढणी कमरेला घट्ट बांधायला लावून वस्ताद म्हणाले, "बाई, हात नका बघू. समोरच्याचे डोळे बघा." तासाभरात मांड्या भरून आल्या. पुस्तकात 'तो त्वेषाने लढला' असे वाक्य मी वर्षानुवर्षे वाचून दाखवत आले. त्वेष टिकवायला पायांत किती बळ लागते, ते आज अंगाला कळले.

शेवटी त्यांनी पट्टा दाखवला. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो आणि मूठ आत आडवी असते. मनगट वळत नाही. म्हणून वार मनगटातून काढता येत नाही, खांदा, कंबर आणि पाय मिळून तो काढावा लागतो. लांब, लवचीक पाते भोवताली फिरत असते आणि जवळ कुणी उभे राहू शकत नाही. हे शस्त्र एकट्याने अनेकांना थोपवायचे आहे.

9 मार्च

पट्टा एकट्याचा, म्हणून मुलांना आज दुसऱ्या टोकाचे, रांगेचे युद्ध दाखवले. ग्रीसमध्ये, युरोप-अमेरिकेत हौशी माणसे प्राचीन ग्रीक पायदळाचा, हॉप्लाइटांचा वेष आणि सराव पुन्हा उभा करतात. त्यांची ढाल जवळजवळ 90 सेंटिमीटर व्यासाची, लाकडी, वजन सहा ते आठ किलो. मधल्या पट्ट्यातून हात कोपरापर्यंत घालायचा आणि कडेची दोरी मुठीत धरायची. उजव्या हातात दोन-अडीच मीटरचा भाला.

सुताराकडून तेवढ्याच मापाच्या प्लायवूडच्या चकत्या कापून आणल्या होत्या. शाळेच्या मैदानावर मुलांना खांद्याला खांदा लावून उभे केले. ढालीचा डावा भाग आपल्या अंगाबाहेर जातो आणि डावीकडच्याची उजवी बाजू झाकतो. "चला" म्हणताच सगळी रांग हळूहळू उजवीकडे सरकू लागली. मी कुणाला काही सांगितले नव्हते. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने इ.स.पू. 418 च्या मँटिनियाच्या लढाईचे वर्णन करताना नेमके हेच लिहून ठेवले आहे: प्रत्येक जण आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड न्यायला बघतो, म्हणून सैन्ये उजवीकडे सरकतात. चोवीसशे वर्षांपूर्वीची ती भीती कडोलीच्या मैदानावर मुलांच्या पायांत उतरली.

मग आपली ढाल हाती घेतली. लहान, गोल, चामड्याची. ती शेजाऱ्याला झाकत नाही, धन्याला मात्र मोकळे वळू देते. एक ढाल रांगेसाठी, दुसरी चपळाईसाठी. शस्त्र हाती घेतले की लढाईची रीत कळते, आणि रीत कळली की माणूस कळू लागतो.

ग्रीस आपल्याला वाटते तेवढे परके नाही. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली आहे. ती टाऊन हॉलच्या संग्रहालयातली. मुलांना ती दाखवायची आहे.

16 मार्च

आज पोशाखाचा दिवस. बाजारातले चकचकीत सॅटिन नको, यावर एकमत व्हायला वेळ लागला. सुती बाराबंदी, चोळणा, मुंडासे, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडे. नवे कापड हळद आणि चहाच्या पाण्यात उकळून मळवले.

मुलांना ग्रेगरी ऑल्ड्रेट यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे येथील शाखेत ते इतिहास शिकवत. अलेक्झांडरच्या वेडाने झपाटलेल्या स्कॉट बार्टेल या त्यांच्या विद्यार्थ्याने स्वतःसाठी लिननच्या कापडाचे चिलखत केले. खरे चिलखत असेच असेल का, या प्रश्नापायी दोघांनी अनेक वर्षे घातली. जुन्या रीतीने तयार केलेले लिननचे कापड मिळवले, सशाच्या कातड्याच्या सरसाने थरावर थर चिकटवले, त्यावर बाण मारून पाहिले. तो जाड पत्रा कात्रीने कापेना, विजेची करवत लावावी लागली. अंगावर थोडा वेळ घातल्यावर मात्र शरीराच्या उष्णतेने तो अंगाबरहुकूम वळू लागे. 2013 साली त्यांचे पुस्तक निघाले. मुळाशी होती ती एका विद्यार्थ्याची हौस. हौसेने नीट प्रश्न विचारला तर तिचे संशोधन होते, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते आहे.

आपल्याकडेही बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी संपादलेला व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत आहे. ज्याला मर्दानी खेळ मुळापासून शिकायचा, त्याने तो वाचनालयातून शोधून काढावा.

30 मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी सगळे आमच्या पडवीत. देखाव्यात काय दाखवायचे ते आज ठरले. धावती चाल ट्रॉलीवर येणार नाही, थर्माकोलच्या घोड्यांवर तर मुळीच नको. आपण स्वारांचा तळ दाखवायचा. कुणी खोगीर आवळतो आहे, कुणी तलवारीला धार लावतो आहे, कुणी भाकरी मोडतो आहे. प्रतापराव एका कडेला, पाठमोरे. उजेड सहांवर.

शिदोरीत काय ठेवायचे यावर खूप बोलणे झाले. एकीने घरच्या शेतातले बटाटे आणि रताळी आणली होती. आमच्या भागाची ही हुकमी पिके. पण दोन्हींचे मूळ अमेरिका खंडातले. समुद्र ओलांडून ती आली आणि साध्या माणसाच्या ताटात रुळायला पुढे फार काळ गेला. म्हणून टोपलीत ज्वारी-नाचणीची भाकरी, कांदा आणि हुलगे. ग्रीक वेष धरणारेही त्यांच्या तळावर टोमॅटो येऊ देत नाहीत, कारण तोही अमेरिकेचाच.

13 एप्रिल

सराव आता रोज संध्याकाळी. फरी-गदक्यात गदका चामड्याने मढवलेला असतो, तरी वस्ताद डोक्याला फेटा बांधल्याशिवाय कुणाला रिंगणात घेत नाहीत. धारेचे पाते मिरवणुकीत न्यायचे नाही, हे त्यांनी सगळ्यांकडून वदवून घेतले.

काकतीचा एक मुलगा आमच्यात येतो. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर. 1824 साली कंपनीच्या फौजेला कित्तूरने कसे परतवले, हे त्याने लाठी टेकवून असे सांगितले की मुलांनी पुढच्या वर्षीचा देखावा तिथेच ठरवला. त्यातही राणीबरोबर शिपाई असतील, आणि आम्ही त्यांच्यापासून सुरुवात करू.

20 एप्रिल

ट्रॉलीवरचा फलक लिहायला घेतला. दरवर्षी तिथे देणगीदारांचे फोटो असतात. यंदा फलकाचे दोन भाग केले आहेत. डावीकडे 'पुराव्याने': तारीख, ठिकाण, सेनापती, शत्रू. उजवीकडे 'आमच्या तर्काने': पोशाखाचे रंग, शिदोरी, तळावरची मांडणी. परंपरेने सांगितली जाणारी सहांची नावेही उजवीकडे लिहिली, कारण माणसांनी ती प्रेमाने सांगितली असली तरी प्रेम हा पुरावा नव्हे. एका मुलीने विचारले, "बाई, लोक म्हणतील ना, ह्यांनाच पक्कं ठाऊक नाही?"

मी म्हटले, म्हणू देत. जे मेले त्यांच्याबद्दल ठोकून काही सांगणे त्यांच्या मानाला कमीपणा आणणारे आहे. त्यांचे ओझे उचलून पाहायचे, त्यांची भाकरी खायची, त्यांच्या पवित्र्यात मांड्या दुखेपर्यंत उभे राहायचे, आणि जेवढे कळले तेवढेच सांगायचे. ज्याला जुन्या काळचा शिपाई व्हायचे आहे, मग तो नेसरीचा असो की मँटिनियाचा, त्याने इथूनच सुरुवात करावी.

तिने ब्रश घेतला आणि 'तर्काने' हा शब्द 'पुराव्याने' एवढ्याच ठळक अक्षरांत रंगवला.