आधी ओळ मोज, मग ट्रॅक्टर बघ

राहाता,
जानेवारी २०२६

चि. विशाल यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. येत्या पाडव्याला ट्रॅक्टर दारात उभा करायचा, तोही पंचेचाळीस एचपीचा, असं तू ठरवत आणलं आहेस. दादाचा फोनवर सूर वेगळाच होता. त्याला ट्रॅक्टरच नको आहे. तुम्हा बापलेकांच्या मध्ये पडायची माझी इच्छा नाही, पण तू विचारलंस म्हणून मनापासून लिहिते. ट्रॅक्टर जरूर घे. मात्र तू म्हणतोस तो घेऊ नकोस.

तुझं रान चार एकर. त्यात दोन एकर डाळिंब, एकरभर कांदा, उरलेल्यात घास आणि मका. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास भरली होती. बैलजोडी वर्षभर सांभाळायची तर चारा आणि माणूस दोन्ही पुरत नाहीत, आणि मोठा ट्रॅक्टर घ्यावा तर एवढ्याशा रानात त्याला काम पुरत नाही. या पेचात तू एकटा नाहीस.

एक कर. वर्षाची सगळी कामं वहीत लिही आणि प्रत्येकापुढे लिही, की हे काम चार दिवस थांबलं तर काय बिघडतं? उन्हाळ्यातली नांगरट थांबली तर काही बिघडत नाही. शेणखताच्या ट्रॉल्या आज नाही तर परवा येतील. कांद्याच्या रानाची पहिली पाळीही वापसा धरून दोन दिवस मागेपुढे होते. पण डाळिंबाची फवारणी? तेल्या रोगाचे जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर या झाडावरून त्या झाडावर उडतात. पाऊस उघडला, पानं सुकली की त्याच दिवशी बागेत फवारा फिरला पाहिजे. त्या दिवशी गावातल्या सगळ्यांनाच ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर हवा असतो आणि भाड्याचा माणूस फोन उचलत नाही. माझ्या मते ज्या कामाला वाट बघता येत नाही त्यासाठी ट्रॅक्टर विकत घ्यावा. ज्याला वाट बघता येते ते काम एकरी भाव देऊन शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करून घ्यावं. पल्टी नांगर आणि सबसॉयलर ही जड कामं वर्षातून एकदाची. त्यांच्यासाठी पंचेचाळीस एचपीचे हप्ते भरण्यात काय अर्थ आहे?

आता टेप घेऊन बागेत जा. राहुरीच्या विद्यापीठाची डाळिंबाची शिफारस साडेचार बाय तीन मीटरची. तुझी लागवडही मला वाटतं तेवढ्यावरच आहे. दोन ओळींत पावणेपंधरा फूट दिसतात खरे, पण बहार धरल्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या वाकून आत येतात. फळं लगडलेली असताना मधे किती वाट उरते ते मोज. सहा फूट उरली तरी पुष्कळ. पंचेचाळीस एचपीच्या ट्रॅक्टरची रुंदीच साडेपाच-सहा फुटांची. तो दर फेरीला फळं झोडपत जाईल. मिनी ट्रॅक्टर साडेतीन-चार फुटांत बसतो. ओळीच्या टोकाला बांधापर्यंत किती जागा सोडली आहे तेही बघ, कारण ट्रॅक्टर एकटा वळत नाही, मागे ब्लोअर असतो.

मिनीतही फरक आहे. पंधरा एचपीचे युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ एका सिलिंडरचे आहेत; कोळपणी, पेरणी, सरी, छोटी ट्रॉली यांना ते उत्तम. पण ब्लोअरला पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची ताकद लागते, आणि इंजिनाचा एचपी व पीटीओचा एचपी एक नसतो. कुबोटाचा ए २११ एन एकवीस एचपीचा म्हणून विकतात, त्याच्या पीटीओवर साडेपंधराच्या आतच मिळतात. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न पीटीओ एचपी किती, असाच विचार. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची यंत्रचाचणी संस्था आहे. तिथला चाचणी अहवाल मागून घे आणि आकडा त्यातून वाच. तुझ्या काळ्या रानात फोर व्हील ड्राइव्हच घ्यायचा. पावसाळ्यात दोनच चाकं ओढणारा ट्रॅक्टर जागेवर रुततो, आणि नेमका तेव्हाच तेल्याचा जोर असतो. तुझ्यासाठी चोवीस ते सत्तावीस एचपीचा, तीन सिलिंडरचा, फोर व्हील, एवढ्यावर मी थांबेन.

डेमो मात्र ब्लोअरची टाकी भरून घे. चारशे लिटरची टाकी ट्रॅक्टरवर बसवली की नुसतं पाणीच चारशे किलो. त्यात लोखंड, पंखा आणि पंप. या गटातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांची हायड्रोलिकची उचल साडेसातशे किलोच्या आसपास असते, पण ती लिंकच्या टोकाशी मोजलेली. टाकीचं वजन त्याच्याही मागे पडतं, आणि बांधाच्या चढावर पुढची चाकं हलकी होतात. ती हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही. पुढे वजनं लावून, टाकी काठोकाठ भरून, तुझ्याच बागेतल्या सगळ्यात वाईट वळणावर चालवून बघ. विकणारा का-कू करू लागला तर दुसरीकडे जा.

अवजारांचं तर मला फारच सांगायचं आहे, कारण लोक सगळा पैसा ट्रॅक्टरवर घालतात आणि अवजार मिळेल ते घेतात. हाताशी जी रक्कम असेल तिच्यातला तिसरा हिस्सा आधीच बाजूला काढ. त्यातून पहिला चांगला ब्लोअर. मग कांद्यासाठी चार फुटी रोटाव्हेटर आणि गादीवाफे पाडायचं अवजार. पाचफणी कल्टिव्हेटर स्वस्तात मिळतो, तो असू दे. पण विशाल, रोटाव्हेटर डाळिंबात घालू नकोस. डाळिंबाच्या पोसणाऱ्या मुळ्या वरच्याच थरात असतात. त्या तुटल्या की जखमेतून मर रोगाची बुरशी आत शिरते, आणि एक झाड वाळलं की मुळामुळांतून शेजारचं वाळतं. आमच्या भागात अशा बागा काढून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. बागेतल्या गवताला गवत कापायचं यंत्र लाव. छाटणीच्या फांद्या मल्चरखाली बारीक करून तिथेच पसरायची हल्ली पद्धत आहे. निरोगी बागेत ती चांगली, पण तेल्या असलेल्या बागेतल्या फांद्या बाहेर काढून जाळाव्याच लागतात. तुझ्याकडे गेल्या मृगात तेल्या होता, म्हणून मल्चर तूर्त नको.

पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला, टायर आणि सुट्या भागांवरचा अठरावरून पाचवर. कोटेशन त्या हिशेबाचं आहे का, पडताळून घे. सरकारी अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायला फार्मर आयडी लागतो. दोन हेक्टरच्या आत जमीन असल्यामुळे तू अल्पभूधारकांत बसतोस. अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना पन्नास टक्के, इतरांना चाळीस टक्के असं ते अनुदान आहे. पण त्याला वरची मर्यादा आहे, म्हणून निम्मी किंमत परत मिळेल असं धरून हप्ता ठरवू नकोस. सातबारा अजून दादाच्या नावावर असेल तर अर्जही त्याच्याच नावाने जाईल. त्याला सोबत घेतल्याशिवाय हे काम व्हायचंच नाही, आणि मला ते बरंच वाटतं. पासिंग तुझं श्रीरामपूरला, एमएच १७. ट्रॉली घेतलीस तर तिची नोंदणी वेगळी.

तुमच्या वाडीवर अनुसूचित जातीच्या मंडळींचा बचत गट आहे ना, त्यांनाही सांग. समाजकल्याण विभागाची अशा गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. नऊ ते अठरा एचपीचा ट्रॅक्टर, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, साडेतीन लाखांच्या मर्यादेत नव्वद टक्के अनुदान. गटात किमान ऐंशी टक्के सदस्य आणि अध्यक्ष-सचिव त्या घटकातले हवेत. गटाचा ट्रॅक्टर आला तर वाडीतल्या कांद्याच्या सऱ्या वेळेवर निघतील.

सर्व्हिसचं विसरू नकोस. ज्याचा मेकॅनिक संगमनेरहून त्याच दिवशी तुझ्या बांधावर येतो तो ट्रॅक्टर चांगला, मग बोनेटवर नाव कुणाचंही असो. बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात एक चक्कर मार, आणि राहुरीला विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयातही. तिथल्या माणसांना तुला काही विकायचं नसतं.

आणखी एक, आणि हे दादालाही वाचून दाखव. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला पाचशे चाळीस फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, ओढणी, मफलर, काहीही त्यात गेलं तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं की लोक ते काढून फेकून देतात. तू तसं करू नकोस. नवं कव्हर बसवल्याशिवाय ब्लोअर सुरू करायचा नाही, आणि पंख्यात पाला अडकला तर इंजिन बंद करूनच खाली उतरायचं. सूनबाई पाण्याचा पाइप धरायला येते, तिला शाफ्टच्या बाजूला उभी करू नकोस. औषध मारताना तोंडावर साधा रुमाल चालणार नाही, औषधाचा वास अडवणारा मास्क आण.

बैलजोडी लगेच बाजारात नेऊ नकोस, एक पावसाळा जाऊ दे. झाडाच्या बुंध्याजवळचं आणि बांधाच्या कोपऱ्यातलं काम तीच नीट करते, आणि दादाचा जीव तिच्यात आहे.

आता पाडव्याचं. १९ मार्चला पाडवा आहे. तोवर अनुदानाची पूर्वसंमती हातात येईल असं धरून चालू नकोस. पूर्वसंमतीच्या आधी खरेदी झाली तर अनुदान बुडतं, हा साधा नियम आहे. मुहूर्त हुकला तर हुकू दे. संमतीचं पत्र येईपर्यंत शोरूमवाल्याला बुकिंगचा एक रुपयाही देऊ नकोस.

वहिनीला नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझी आत्या