हरसूलची वाट आणि भोरसाहेबांचा नकाशा

नाशिकचे वर्णन करावयास बसले की लेखणी आपोआप रामकुंडाकडे वळते. पंचवटी, काळाराम, तपोवन, पांडवलेणी आणि शेवटी द्राक्षांचे मळे, एवढे झाले म्हणजे क्षेत्रवर्णन पुरे झाले, असे आपण समजतो. आम्हीही आजवर पाहुण्यांस हेच नाशिक दाखवीत आलो. गेल्या श्रावणात मात्र, त्र्यंबकेश्वरी जेथून यात्रेकरूंच्या मोटारी परत फिरतात, तेथून पुढे जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला, आणि ज्या जिल्ह्यात तीन पिढ्या काढल्या त्याचा निम्मा भाग आपण पाहिलेलाच नाही, हे ध्यानात येऊन मनाला खंत वाटली.

आमच्या घरी दोन्ही वेळ बारा माणसांचे पान असते. पोळ्या करावयास ज्या मावशी येतात त्या हरसूलकडील एका पाड्यावरच्या. त्यांची धाकटी सून आठव्या महिन्यात होती. एके सकाळी पोळपाटावर लाटणे तसेच ठेवून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. पाड्यावरून फोन आला होता. सुनेच्या पायांवर सूज असून रक्तदाब चढला आहे, अंगात रक्तही कमी आहे, आणि तेथील ‘ताई’ तिला नाशिकच्या सरकारी रुग्णालयात न्यावयास सांगत आहेत, असा त्यातला मजकूर. मावशींची मागणी एकच, की पगारातून कापून घ्यावे, पण उचल द्यावी. सुनेला खासगी दवाखान्यात ठेवू. आमच्या मातोश्रींनी तत्काळ कपाटाची किल्ली हाती घेतली. काकांनी चौकशी केली, तेव्हा शहरातील एका खासगी प्रसूतिगृहाने पन्नास हजारांची अनामत सांगितली. "सरकारी म्हणजे देवाच्या हवाली," असे आमच्या घरात पूर्वापार बोलले जाते. तेव्हा मोटार काढून सुनेस घेऊन यावे आणि पुढचे पुढे पाहावे, असे ठरवून आम्ही मावशींसह निघालो.

त्र्यंबक मागे पडले की रस्ता अरुंद होतो. उतारांवर नागली आणि वरई, खाचरांत भात, आणि डोंगराच्या कड्यांवरून इतक्या पाण्याच्या धारा सुटलेल्या की मोजू म्हटले तरी मोजवू नयेत. एवढे पाणी असूनही चैत्रात येथील बायका हंड्यासाठी कोस कोस चालतात, हे मावशींनी सहज सांगितले. शेवटचा कच्चा रस्ता मोटारीस झेपेना, म्हणून आम्ही पायी निघालो. वाटेत छत्री व वही घेतलेली एक बाई भेटली. ही पाड्यावरची आशा. साधारण हजार वस्तीमागे एक, आदिवासी भागात त्याहून कमी वस्तीस एक, अशी ही गावातलीच स्त्री २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून नेमली जाऊ लागली. ती पगारी नोकर नव्हे. तिला मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. सुनेच्या पायांवरील सूज प्रथम हिनेच पाहिली होती, आणि हिनेच तिला चालवीत उपकेंद्रात नेले होते.

उपकेंद्र म्हणजे दोन-तीन खोल्यांची इमारत. वर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी नवी पाटी, आत जुनीच लोखंडी कपाटे. तेथील आरोग्यसेविकेस अवघा परिसर ‘ताई’ म्हणतो. आम्ही मोटार आणल्याचे सांगताच त्या म्हणाल्या, "दादा, मोटार चांगली आहे, पण वाटेत झटका आला तर मोटारीत काय कराल? प्राथमिक केंद्रातून गाडी निघाली आहे. आधी तिथे इंजेक्शन देतील, मग नाशिक. आणि हिला रक्त लागणार. खासगीत गेलात तरी ते रक्तासाठी तुम्हांलाच पळवतील." आमच्या खिशात मातोश्रींनी दिलेले पैसे होते आणि शब्द काकांना दिलेला होता. मावशी आमच्या तोंडाकडे पाहत होत्या. निर्णय आम्ही द्यावा, अशी त्यांची अपेक्षा; आणि रक्तदाब म्हणजे काय हेही आम्हांस धड ठाऊक नव्हते. अखेर ज्या बाईस ते ठाऊक होते तिचे ऐकावे, असे आम्ही ठरविले. तरी पुढील सबंध वाटेत, आपण दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग करीत आहो काय, ही शंका मन पोखरीत होती.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सुनेस झटके न येण्याचे इंजेक्शन दिले गेले. चिठ्ठी लिहिली जात असता तेथील तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आम्हांस या व्यवस्थेची घडण समजावून दिली. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजारांस. प्राथमिक केंद्र अनुक्रमे तीस हजारांस व वीस हजारांस, आणि त्यात खाटा सहा. येथपर्यंतचा कारभार जिल्हा परिषदेचा, म्हणजे १ मे १९६२ पासून जिल्ह्याने निवडून दिलेल्या मंडळाचा. त्याचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. त्यावरील तीस खाटांची ग्रामीण रुग्णालये, मोठी उपजिल्हा रुग्णालये आणि नाशिकचे जिल्हा रुग्णालय ही राज्य सरकारची. त्यांचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. नाशिक व मालेगाव शहरांत महापालिकांचे दवाखाने निराळेच. एका जिल्ह्याच्या आरोग्याचे इतके धनी! २०११ च्या शिरगणतीत ६१ लाख भरलेला हा पंधरा तालुक्यांचा जिल्हा एका टेबलावरून चालणार नाही, हे खरे. परंतु दोन धन्यांच्या सीमेवर रुग्ण अडकू नये याची हमी काय, असे आम्ही विचारले. अधिकारी हसले व म्हणाले, "ही चिठ्ठी. आणि ताईंचा फोन." हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटले नाही. अजूनही वाटत नाही.

या सर्व नकाशाचे मूळ मात्र नाशिकच्याच एका पुत्राकडे जाते, हे घरी परतल्यावर पुस्तके चाळताना कळले. सर जोसेफ विल्यम भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकात झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पुढे सनदी नोकरीत गेले, कोचीन संस्थानचे दिवाण झाले. आणि १९४३ साली सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करावयास जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा गाभा असा, की मोबदला देण्याची ऐपत नाही म्हणून कोणासही उपचार नाकारला जाऊ नये, आणि ही सेवा लोकांच्या घराजवळ पोहोचावी. इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली ती त्यानंतर, ५ जुलै १९४८ रोजी. पुढे इटलीने १९७८ साली व स्पेनने १९८६ साली कराच्या पैशातून सर्वांस उपचार हेच तत्त्व स्वीकारले, आणि कारभार प्रांतांकडे सोपविण्याची वाट धरली. भोर समितीने दूरच्या काळासाठी जी कल्पना मांडली तीत दहा ते वीस हजार लोकवस्तीस पंचाहत्तर खाटांचे रुग्णालय होते. त्र्यंबक तालुक्यात आम्ही मोजल्या त्या खाटा सहा, आणि त्यांपैकी एकीवर औषधांची खोकी रचलेली.

हा पैसा कोठून येतो? राज्याच्या तिजोरीतून बराचसा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चात केंद्राचे साठ व राज्याचे चाळीस असे वाटे आहेत. केंद्रांना स्थानिक खर्चासाठी थोडी रक्कम मिळते, ती रुग्ण कल्याण समिती ठरवील तशी वापरावयाची. आपल्यासारख्या घरांत प्राप्तिकर भरणारे पुरुष "आमच्या पैशावर" असे शब्द सहज उच्चारतात. पण मावशी साबणाची वडी घेतात, पायांत चप्पल घेतात, तीवरही कर असतोच. त्या खाटेत त्यांचाही वाटा आहे.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात पोहोचलो. समोरचे अनंत कान्हेरे मैदान आम्ही लहानपणापासून जाणतो; रस्ता ओलांडून या फाटकात मात्र क्वचितच शिरलो होतो. गर्दी, ओले जिने, एका खाटेशी तीन नातलग, सारे ऐकले होते तसेच. उगाच गोड लिहिणार नाही. एका खिडकीवरून दुसरीवर आम्हांस दोनदा फिरविण्यात आले, आणि शेवटी कागद पहिल्याच खिडकीत निघाला. करोनाच्या काळातील, २१ एप्रिल २०२१ ची आठवणही मनात होती. त्या दिवशी याच शहरात महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूची टाकी गळून वीसहून अधिक रुग्ण प्राणास मुकले होते. परंतु संध्याकाळी सातच्या आत सुनेस रक्त चढू लागले, आणि मध्यरात्रीनंतर शस्त्रक्रिया करून मुलगी झाली. वजन पावणेदोन किलो. आईस धोका नव्हता. मुलगी अकरा दिवस नवजात शिशूंच्या विशेष कक्षात काचेआड होती, आणि त्या अकरा दिवसांत आमच्या घरच्या पोळ्या मातोश्रींनी लाटल्या. डबा मात्र रोज मावशींसाठी गेला; सुनेचे जेवण रुग्णालयाचेच होते.

निघण्याच्या दिवशी मावशी पदराची गाठ सोडून कारकुनापुढे उभ्या राहिल्या. देणे काहीच नाही, असे त्याने सांगितले. माता व नवजात बालकांसाठी ही सवलत २०११ पासूनच आहे; १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्वांनाच उपचार निःशुल्क झाले. मावशींना ते पटेना. "मग एवढं लिहून कशाला घेतलं?" असे त्यांनी विचारले. कारकुनाने मान वर न करता पुढचा कागद ओढला. बाहेर बाळबाळंतिणीस घरी पोहोचविणारी गाडी उभी होती. अनामतीचे पैसे आमच्या खिशातून कपाटात परत गेले. काका त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त मुलीचे वजन किती वाढले एवढे विचारले.

पाड्यावर आशा ठरल्या दिवशी येऊन मुलीला झोळीत घालून काट्यावर तोलते आणि वहीत आकडा मांडते. तो आकडा त्याच दिवशी फोनवरून मावशींना कळतो, आणि मावशी पोळी लाटता लाटता तो आमच्या मातोश्रींना सांगतात. परवाचा आकडा चार किलो दोनशे होता.