नजरेच्या टप्प्यात

चित्रकाराच्या घरी जावं आणि भिंतींकडे पाठ करून उभं राहावं, असं ओलानात होतं. न्यूयॉर्क राज्यात हडसन गावाजवळच्या टेकडीवर फ्रेडरिक चर्च या निसर्गचित्रकाराचं हे घर आहे. मध्यपूर्वेचा प्रवास करून आल्यावर त्यानं ते बांधायला घेतलं. १८७२ साली कुटुंब तिथं राहायला आलं. इराणी वळणाच्या कमानी, रंगीत विटांची नक्षी, बेलबुट्ट्यांनी भरलेल्या भिंती, असं सगळं देखणं आहेच. पण खिडकीशी गेलं की घर विसरायला होतं. खाली हडसन नदी वळण घेते, पलीकडे कॅट्सकिलचे डोंगर. टॉमस कोल या गुरूकडे तरुण चर्च चित्रकला शिकला, ते याच डोंगरांच्या पायथ्याशी.

१८५९ साली त्याचं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ बघायला न्यूयॉर्कमध्ये तिकीट काढून रांगा लागल्या होत्या. पुढे चित्रांची आवड बदलली आणि संधिवातानं उजवा हात आखडला. जमिनीवरचं काम मात्र चालूच राहिलं. दलदल उपसून त्यानं तळं केलं, तिथला गाळ शेतात घातला, हजारो झाडं लावली. घोडागाडीचे रस्ते असे वळवले, की देखावा मध्येच झाकला जावा आणि पुढच्या वळणावर एकदम उघडावा. कॅनव्हासपेक्षा मातीत आपल्या हातून अधिक चांगली निसर्गचित्रं होतात, अशा अर्थाचं त्यानं एका पत्रात लिहिलं आहे.

कॅनव्हासवरच्या चित्राला सही करून मोकळं होता येतं. या चित्राचं तसं नाही. झाडं वाढून देखावा झाकतात; ती छाटावी लागतात. शिवाय त्याचा मोठा भाग चित्रकाराच्या मालकीचा कधी नव्हताच.

१९६६ साली राज्यानं घर विकत घेऊन ते वाचवलं. पण सत्तरच्या दशकात नदीपलीकडे, सिमेंटन इथं अणुवीजकेंद्र उभारायचं ठरू लागलं. त्याचा शीतकरण मनोरा थेट या देखाव्यात उभा राहणार होता. केंद्रीय अणुनियामक आयोगाच्या तज्ज्ञांनी विरोधात शिफारस केली. ओलानावरून दिसणाऱ्या देखाव्याची हानी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. केंद्र झालं नाही.

हे वाचून मला आनंद झाला, आणि थोडी अडचणही वाटली. सिमेंटन हे नावच तिथल्या कारखान्यांवरून पडलेलं. पलीकडच्या काठावरही माणसं राहतात. त्यांना वीज हवी, रोजगार हवा. एका श्रीमंत चित्रकाराच्या खिडकीसाठी त्यांनी का थांबावं? उत्तर एवढंच सुचतं, की ती खिडकी आता त्याची राहिलेली नाही. कुणीही टेकडी चढून तिच्याशी उभं राहू शकतं, सिमेंटनचा माणूससुद्धा. देखावा राखण्याचा हट्ट धरायचा, तर ही वाट सगळ्यांसाठी उघडी ठेवण्याची जबाबदारीही घ्यावी लागते.