पायांना क्लोरीन, पंपाला मोकळीक

किनारी कोळंबीसंवर्धनासाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत जैवसुरक्षेचे, म्हणजे रोगजंतूंना प्रकल्पाबाहेरच रोखण्याचे, जे उपाय सांगितलेले आहेत, त्यांत कुंपण, पाण्याचा साठवण तलाव आणि पक्ष्यांना अडवणाऱ्या दोऱ्या यांच्या जोडीला प्रत्येक तळ्यासाठी स्वतंत्र अवजारे ठेवावीत, असाही एक उपाय आहे. तो इतक्या थोडक्यात सांगितलेला आहे की वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटावा, आणि बहुतेक प्रकल्पांवर तो तसा मानलाही जातो. तपासणी जवळ आली की बादल्यांवर आणि पागांवर, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्यांवर, रंगाने तळ्यांचे क्रमांक घातले जातात आणि तपासणी आटोपली की क्रमांक दोनची बादली क्रमांक पाचच्या बांधावर दिसू लागते. रायगड जिल्ह्यातील एका खाडीकाठी या दुर्लक्षाची किंमत ज्याच्याकडून वसूल झाली, तो ना तळ्याचा मालक होता ना अवजाराचा. ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला आजही खुपते आणि हे टिपण लिहिण्याचे कारणही तेवढेच आहे.

पार्श्वभूमी या व्यवसायातील कोणालाही नव्याने सांगावी लागत नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग १९९२च्या सुमारास तैवान आणि चीनमध्ये दिसला, १९९४-९५मध्ये तो भारतात पोहोचला आणि टायगर कोळंबीची तळीच्या तळी त्याने रिकामी केली. १९९६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा किनारी कोळंबी प्रकल्पांविषयीचा निकाल आला, २००५मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला, आणि २००९पासून मूळच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्हेनामी जातीला व्यापारी संवर्धनाची परवानगी मिळाली. व्हेनामीचे बीज विशिष्ट रोगांपासून मुक्त असलेल्या जनक कोळंबीपासून घेतले जाते, म्हणून पीकही निर्धोक राहील, अशी एक समजूत त्या काळात पसरली. बीज निरोगी असणे म्हणजे कोळंबी रोगप्रतिकारक असणे नव्हे, हे कळायला अनेकांना एकेक पीक गमवावे लागले.

हा रोग विषाणूजन्य आहे आणि माणसाला त्याची बाधा होत नाही, परंतु कोळंबीत तो शिरला की तीन ते दहा दिवसांत जवळजवळ संपूर्ण तळे मरू शकते. कोळंबीला पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसारखी, एकदा भेटलेल्या जंतूची आठवण ठेवणारी प्रतिकारव्यवस्था नसते, त्यामुळे माशांना किंवा कोंबड्यांना देतात तशी लस येथे कामाची ठरत नाही आणि औषधही नाही. जे काही करायचे ते रोग येण्यापूर्वीच करावे लागते. मोकळ्या पाण्यात हा विषाणू थोडे दिवसच तग धरतो, मात्र गाळात त्याचे आयुष्य वाढते: उन्हात वाळत ठेवलेल्या तळ्याच्या गाळातही तो सुमारे तीन आठवडे आणि ओल्या गाळात त्याहूनही अधिक काळ संसर्गक्षम राहू शकतो. त्याच्या जोडीला अलीकडे ईएचपी नावाचा सूक्ष्म परजीवी आला आहे, जो कोळंबीच्या यकृतसदृश ग्रंथीत वाढतो, तिला मारण्याऐवजी तिची वाढ खुंटवतो आणि ज्याचे जाड भिंतीचे बीजाणू गाळात दीर्घकाळ टिकतात. तेव्हा एका तळ्याचा गाळ ज्या साधनाला लागलेला आहे ते साधन दुसऱ्या तळ्यात घालणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

अशा साधनांत सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे गाळ उपसण्याचा पंप. पीक चालू असताना एरेटर, म्हणजे पाण्यात प्राणवायू मिसळणारी चक्रे, पाणी गोल फिरवत राहतात आणि त्यामुळे विष्ठा, उरलेले खाद्य व मेलेले शेवाळ तळ्याच्या मध्यभागी साचते. हा काळा, वासाचा गाळ वेळेवर काढला नाही तर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतात व कोळंबी तळाशी राहत नाही. पंप महाग असतो, त्याचे काम पिकात काही वेळाच पडते, आणि म्हणून तो एका बांधावरून दुसऱ्या बांधावर टेम्पोने फिरतो. जाळे निदान डोळ्यांना दिसते, त्याच्या गाठींत अडकलेला चिखल बोटाने काढता येतो. पंपाच्या पोटातला पंखा, त्याभोवतीचे कवच, शोषणनळाच्या टोकाची झडप आणि लांब लवचीक पाइपाची प्रत्येक वळी यांत मात्र मागल्या तळ्याचे पाणी व गाळ शिल्लक राहतो आणि बाहेरून धुतलेला पंप आतून तसाच असतो. वरणातली पळी नुसता दांडा पुसून ताकात घालावी, तसा तो प्रकार होतो.

प्रस्तुत लेखक त्या हंगामात खाडीकाठच्या काही लहान प्रकल्पांची पाणीतपासणी पाहत असे. उन्हाळी पिकाच्या मध्यावर त्यांपैकी एका प्रकल्पाच्या शेजारील तळ्यांत रात्रीची गडबड दिसली, बर्फाच्या गाड्या आल्या आणि सकाळपर्यंत दोन तळी रिकामी झाली. अशा अवेळच्या काढणीचा अर्थ खाडीकाठी सर्वांना कळतो, पण तो कोणी उच्चारत नाही. कारण रोग आहे असे म्हटले की व्यापारी भाव पाडतो, आणि कोळंबी खाण्यास निर्धोक असली तरी पाडलेला भाव पुन्हा चढत नाही. शेजाऱ्याला विचारल्यावर सांगितले गेले ते एवढेच, की पैशांची निकड होती. त्यानंतर लगेच त्याच शेजाऱ्याचा पंप ठरल्या बोलीप्रमाणे या प्रकल्पावर आला. बोली आधीच झालेली होती. ती मोडायची तर कारण द्यावे लागले असते.

पंप उतरवून घेणारा मजूर खाडीपलीकडच्या वाडीतला, बांध घालण्यात आणि उघाडी, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याचे दार, सांभाळण्यात ज्याची हयात गेली असा होता. पाइपाची गुंडाळी सोडताना तीतून काळे पाणी आले आणि त्याबरोबर कोळंबीची टरफले व एक-दोन सडलेली कोळंबी बाहेर पडली. "शेठ, पायपात मेलेली कोळंबी हाय, ह्यो पंप नको घालाया," इतके त्याने व्यवस्थापकाला सांगितले, आणि हे तेथे उभ्या असलेल्या सर्वांनी ऐकले. व्यवस्थापकाने पंपावरून बाहेरून पाणी मारून घेतले. एरेटरच्या भाड्याच्या जनित्राचा दिवस मोजला जात होता, मधल्या तळ्यात अमोनिया वाढलेला होता, आणि गाळ त्याच दिवशी निघणे आवश्यक होते. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. पंप तळ्यात उतरला.

आठवडा उलटण्याच्या सुमारास त्या तळ्यातील कोळंबीने खाद्य कमी केले, चेक ट्रेमध्ये, म्हणजे खाद्य किती खाल्ले हे पाहण्यासाठी बुडवून ठेवायच्या तबकात, खाद्य तसेच राहू लागले, आणि मग लालसर झालेली कोळंबी दिवसाढवळ्या बांधाच्या कडेला येऊन संथ पोहू लागली. व्हेनामीत पांढरे ठिपके नेहमीच स्पष्ट दिसतात असे नाही, परंतु पीसीआर तपासणीत, ज्यात विषाणूचे जनुकीय द्रव्य वाढवून ओळखले जाते, निदान पक्के झाले. तळे गेले.

त्यानंतर जी बैठक झाली तिचे वर्णन थोडे सविस्तर करणे भाग आहे. मालक, व्यवस्थापक, बीजपुरवठादाराचा प्रतिनिधी आणि खाद्यविक्रेता असे सारे तेथे होते, आणि प्रत्येकाला कारण स्वतःपासून दूर न्यायचे होते. बीजाचा दाखला स्वच्छ होता. खाडीचे पाणी साठवण तलावात क्लोरीन घालून मगच घेतल्याची नोंद होती. पंपाचा विषय निघाला तेव्हा शेजाऱ्याला दुखवणे परवडणारे नाही, पुढच्या पिकालाही त्याच्याच पंपाची गरज पडणार आहे, असे कोणीतरी हळूच म्हणाले आणि तो विषय तेथेच मिटला. मग नजर फूट डिपकडे, म्हणजे प्रवेशद्वाराशी पाय बुडवण्यासाठी केलेल्या क्लोरीनच्या पाण्याच्या उथळ हौदाकडे, वळली. तो मजूर बांधावरून ये-जा करताना दरवेळी पाय बुडवत नाही, असे व्यवस्थापकाने सांगितले, त्यावर सगळ्यांच्या माना हलल्या आणि त्याच्या मजुरीतून रक्कम कापण्याचे ठरले. पाइपातली टरफले ज्याने पाहिली आणि बोलून दाखवली, त्याच्याच पायांवर रोगाचा आरोप ठेवला गेला.

शास्त्रीय दृष्टीने या निष्कर्षात काहीच टिकत नाही. कोरड्या बांधावरून चालणाऱ्या अनवाणी पायाला लागलेला चिखल किती आणि पाइपातून थेट तळ्यात ओतलेले रोगट पाणी किती, याची तुलनाच होऊ शकत नाही. पंपानेच रोग आणला हे सिद्ध झाले, असे येथे म्हणायचे नाही. खेकडे या विषाणूचे वाहक असतात, बगळे आणि पाणकावळे अर्धवट खाल्लेली कोळंबी दुसऱ्या तळ्यात टाकतात, आणि पीसीआर विषाणू ओळखतो, त्याची वाट सांगत नाही. परंतु शक्यतांची उतरंड लावायची झाली तर पाय सर्वांत खाली येतात आणि पंप जवळजवळ सर्वांत वर, हे त्या बैठकीतील प्रत्येकाला ठाऊक होते. भेट देणाऱ्या पाहुण्यांना आग्रहाने पाय बुडवायला लावणारे, त्याची छायाचित्रे काढून ठेवणारे प्रकल्प मागल्या बाजूने येणाऱ्या टेम्पोला मात्र कधी अडवत नाहीत. पाय मजुराचे असतात आणि पंप मालकाचा असतो, याखेरीज या भेदाला दुसरे कारण सापडत नाही.

पंप स्वच्छ करणे अवघडही नाही. प्रथम गाळ पूर्णपणे धुऊन काढावा लागतो, कारण क्लोरीन सेंद्रिय पदार्थांवर खर्च होते आणि चिखलाने माखलेल्या वस्तूवर ओतलेले ब्लीचिंग पावडरचे पाणी चिखलालाच स्वच्छ करून संपते. त्यानंतर दशलक्ष भागांत २०० भाग क्रियाशील क्लोरीन असलेले द्रावण पंपातून आणि पाइपातून फिरवत ठेवून किमान तासभर आत राहू द्यावे. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन धरले तर २०० लिटरच्या पिंपाला साधारण १३५ ग्रॅम पावडर पुरते, पण कोकणच्या दमट हवेत उघड्या पोत्यातील पावडर आपली ताकद गमावते, म्हणून झाकण घट्ट असलेला डबा आणि क्लोरीन मोजण्याच्या पट्ट्या हव्यातच. पुष्कळ जण ब्लीचिंगमध्ये जोडीला चुना घालतात. ते टाळावे, कारण चुन्याने पाण्याचा सामू वाढतो आणि वाढलेल्या सामूत क्लोरीनची जंतुनाशक शक्ती घटते. चुन्याचे काम वेगळे आहे: दोन पिकांमधील कोरड्या तळात ईएचपीच्या बीजाणूंसाठी हेक्टरी सहा टन भाजका चुना नांगरून घालून मग तो ओला करतात, म्हणजे सामू १२पर्यंत जातो. आम्लाची बाटली तर ब्लीचिंगजवळ ठेवूही नये, त्यातून विषारी वायू सुटतो. नायलॉनच्या जाळ्याला वारंवार क्लोरीन दिल्यास धागा कमजोर होतो, त्यामुळे जाळे आयोडीनयुक्त द्रावणात बुडवून, धुऊन, उन्हात कडकडीत वाळवणे बरे. पाइप मात्र उन्हाने वाळेल या भरवशावर राहू नये; गुंडाळलेला पाइप मे महिन्यातही आतून ओला असतो.

इतके म्हटल्यावर सामाईक अवजारांचा वापर बंदच करावा, असा निष्कर्ष निघेल, आणि त्या बैठकीनंतर काही काळ प्रस्तुत लेखकाचेही तसेच मत होते. ते टिकले नाही. एक-दोन तळ्यांच्या शेतकऱ्याने स्वतःचा पंप घ्यावा असे म्हणणे म्हणजे त्याने हा धंदा सोडावा असे म्हणणे आहे. शिवाय ज्या शेजाऱ्याने रोग लपवला, त्यानेच पुढच्या पावसाळ्यात उधाणाच्या पाण्याने याच प्रकल्पाचा बांध फुटला तेव्हा मध्यरात्री आपला पंप आणि माणसे न मागता पाठवली, आणि तेव्हा पंप क्लोरीनने धुतला आहे का, असे कोणीही विचारले नाही, लेखकानेही नाही. खाडीकाठची ही देवघेव केवळ काटकसर नसते. तिच्यावाचून उधाणात कोणाचाच बांध उभा राहणार नाही.

अडचण पंपात नसून लपवण्यात आहे, असे पुढे काही शेतकऱ्यांना पटले आणि त्यांनी पंपासोबत एक वही फिरवायला सुरुवात केली, जीत पंप कोणत्या तळ्यातून आला, तेथे मर होती का आणि पंप कोणी धुतला, हे लिहायचे असते. पहिल्या हंगामात मर असल्याची एकही नोंद झाली नाही, कारण नोंद करणाऱ्याचा पंप मिळण्याचा पाळीक्रम मागे जात असे. मग नियम उलटवला गेला: जो मर कळवेल त्याला धुण्याची पावडर आणि काढणीसाठी माणसे या शेतकऱ्यांच्या गटाकडून मिळतील आणि त्याचा पाळीक्रम मोडणार नाही. हे म्हणजे रोगी तळे ठेवणाऱ्याला बक्षीस देणे झाले, असे काही जण अजूनही म्हणतात, आणि पावडरचा खर्च कोणी करायचा यावर दर हंगामाच्या सुरुवातीला वाद होतो. पंप धुतल्याच्या रकान्यात सही मात्र मालकाची चालत नाही, ज्याने धुतला त्याचीच लागते. ही सूचना वाडीतल्या मजुरांकडून आली. ज्या मजुराची मजुरी कापली गेली होती त्याला ती परत मिळाली नाही, आणि तो आता दुसऱ्या खाडीवर कामाला जातो.