बाल्साच्या बाजूने

जुन्या मॉडेल रॉकेटांचे संच पुन्हा घडवणं हा माझा छंद. १९६० आणि ७०च्या दशकांत एस्टीज, सेंच्युरी या अमेरिकी कंपन्यांनी विकलेले संच आज सीलबंद मिळाले, तर संग्राहकांच्या भावात. म्हणून आम्ही मूळ नकाशांवरून नळ्या कापतो, फिन्स म्हणजे शेपटीचे पंख कातरतो आणि तेच रॉकेट नव्याने उभं करतो. आमच्यात त्याला सरळ ‘क्लोन’ म्हणतात. बरीच वर्षं माझं ठाम मत होतं, की क्लोनचा आकार जुना असावा आणि साहित्य आजचं. त्या काळी कागद, बाल्साचं हलकं लाकूड आणि रबर वापरलं ते मुलांच्या खिशाला परवडावं म्हणून. मग तेच दुबळेपण आपण कशाला गिरवायचं? ते मत मी आता सोडलं आहे.

निमित्त झालं एस्टीजच्या ‘बिग बर्था’चं. दोन फूट लांब, जाडसर अंगाचं आणि चार मोठ्या गोलसर फिन्सचं हे रॉकेट आजही बाजारात मिळतं, पण नाक प्लॅस्टिकचं. मला जुनं, लाकडी नाकाचं हवं होतं. फिन्स मात्र मी प्लायवुडच्या केल्या. त्याने शेपूट जड झालं, गुरुत्वमध्य मागे सरकला. तो पुढे आणायला नाकात माती भरली आणि एकूण वजन वाढलं. वाढलेल्या वजनाने रॉकेट उड्डाणाच्या तीन फुटी सळईवरून संथ सुटलं आणि सुटताक्षणी वाऱ्याकडे कललं. पॅराशूट बांधायला रबराऐवजी केव्हलारचा दोरा घेतला होता. तो तुटला नाही, पण झटका बसताच त्याने नळीचं तोंड उभं चिरलं.

मग मी मूळ सूचनापत्र एक एक ओळ पाळायची असं ठरवलं. त्यात सांगितलं होतं, की बाल्साच्या रेषा फिनच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा, म्हणजे फिन रेषेवर मोडणार नाही. सांध्याला पांढऱ्या डिंकाचा पातळ हात दोन्ही बाजूंना द्या, वाळू द्या, मग पुन्हा डिंक लावून दाबा. पहिला हात कागदात आणि लाकडात मुरतो, दुसरा त्याला धरतो. असा सांधा ओढून पाहिला तर आधी लाकूड फाटतं. रबराची पट्टी दुमडलेल्या कागदात चिकटवून नळीच्या आत बसवायची. झटका ती ताणून घेते आणि नळी शाबूत राहते.

बर्थाच्या फिन्स एवढ्या मोठ्या का, हेही तेव्हाच लक्षात आलं. रॉकेट सरळ उडायचं तर त्याचं दाबकेंद्र, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, गुरुत्वमध्याच्या मागे असावं लागतं. जेम्स बॅरोमन यांची ते काढण्याची गणिती रीत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली. त्याआधी रॉकेटची बाह्याकृती पुठ्ठ्यातून कापून ती पट्टीच्या कडेवर तोलत. ही पुठ्ठ्याची रीत गरजेपेक्षा सावध उत्तर देते, आणि त्या उत्तरात बसायचं तर फिन्स मोठ्या घ्याव्या लागतात. मोठी फिन हलकी राहायची, तर बाल्साच हवा. आकार आणि साहित्य वेगळं काढता येतच नाही.

आणि ते दुबळेपण? स्पुटनिकनंतर अमेरिकेत कित्येक मुलं धातूच्या नळ्यांत दारू ठासून जखमी होत होती. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे, चपलाबुटांचं दुकान चालवणारे ऑर्व्हिल कार्लाइल यांनी त्याआधीच, १९५४च्या सुमारास, कागद-लाकडाचं, तयार इंजिनाचं आणि पॅराशूटने उतरणारं रॉकेट केलं होतं. जी. हॅरी स्टाइन यांनी ते लोकांपुढे आणलं, व्हर्न एस्टीज यांनी इंजिनं यंत्रावर करायला घेतली. कशावर आदळलं तर रॉकेटनेच मोडावं, समोरच्याला इजा होऊ नये, यासाठी ते हलकं आहे. मी ज्याला काटकसर समजत होतो ती मुलांची काळजी होती, आणि हे कळल्यापासून त्या माणसांविषयी माझा आदर फार वाढला आहे.

जुन्याचा आग्रह मी इंजिनापाशी थांबवतो. वर्षानुवर्षं उन्हाळे-हिवाळे खाल्लेल्या इंजिनात दारूचा गट्टू कवचापासून सुटतो, आग फटीतून शिरते आणि इंजिन फुटतं. म्हणून बर्थात ताजं सी६-५ इंजिन घालतो.