पायाखालची आंबोली

कोल्हापुरात घाऊक किराण्याचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबाने आंबोलीला जाण्याचे ठरविले, तेव्हा तिथीवरून घरात थोडी ओढाताण झाली. चातुर्मास बसला की आजी गाव सोडत नाहीत. म्हणजे आषाढ शुक्ल चतुर्दशीपूर्वीच जाऊन यायला हवे. आणि पाऊस लागल्याशिवाय तर आंबोलीचे धबधबे वाहत नाहीत. या दोहोंच्या बेचक्यात ज्येष्ठ वद्यातले दोनच दिवस हाती लागले, शनिवार आणि रविवार.

निघायचे होते सकाळी. पण ऐनवेळी तुरीचा ट्रक दारात येऊन उभा राहिला आणि तो उतरवून घेईपर्यंत साडेतीन वाजले. व्यापाऱ्याच्या घरचा प्रवास बहुधा असाच सुरू होतो. आजऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून सर्वांनी सूर्यास्तापूर्वी भाकरी आणि बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी खाऊन घेतली. पुढे जंगल लागले, पाऊस वाढला आणि पाहता पाहता मिट्ट काळोख झाला.

हेडलाइटच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी उडताना प्रथम आजींनाच दिसले. त्यांनी विचारले, तेव्हा नवव्या इयत्तेतला नातू म्हणाला, "बेडूक आहेत, आजी. खूप आहेत."

"अण्णा, गाडी थांबव."

अण्णांनी गाडी थांबविली, पण नाखुशीने. रस्त्यावर डांबर दिसेनासे व्हावे इतके नव्हे, तरी चार-सहा हातांवर एक, असे बेडूक सगळीकडे बसलेले होते. नातू छत्री आणि टॉर्च घेऊन खाली उतरला. तो पुढे चालत एकेकाला कडेला हुसकावू लागला आणि गाडी पायी माणसाच्या गतीने त्याच्यामागून सरकू लागली. इतक्यात मागून एक मालट्रक आला, कर्कश भोंगा वाजवीत बाजूने निघून गेला आणि नातवाने मोकळे करून दिलेल्या रस्त्यावरून, त्याच्या पुढच्याही रस्त्यावरून, तसाच धावत गेला.

"आपण थांबून काय झालं, आक्का?" अण्णा म्हणाले.

"त्याचं खातं त्याच्याकडं. आपलं आपल्याकडं."

उरलेल्या अंतराला सव्वा तास लागला. मुनिमहाराज चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात, त्याला ईर्यासमिती म्हणतात, हे नातवाने पाठशाळेत पाठ केले होते. भिजून गारठलेल्या त्या मुलाला त्या रात्री त्याची आठवण झाली की नाही, हे त्याने सांगितले नाही. मुक्कामाला पोहोचताच तो अंथरुणात शिरला आणि झोपी गेला.

आंबोली सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. वर्षाकाठी येथे 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग पहिल्यांदा याच कड्याला अडतात. सकाळी मुक्कामाच्या घरमालकांनी परसातल्या डबक्यावर वाकलेली एक फांदी दाखविली. पानांना पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला होता. मलबारी उडत्या बेडकाचे ते घरटे. अंडी फुटली की पिले थेट खालच्या पाण्यात पडतात. जांभ्या दगडाच्या सड्यावर राहणारा 'आंबोली टोड' 2009 साली शास्त्राला नव्याने ठाऊक झाला. तो या परिसराबाहेर सापडत नाही आणि आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. वाहनांखाली येणे हेही त्याच्या मरणाचे एक कारण आहे. घरमालकांनी हे सहज सांगितले. अण्णांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला.

मग फिरणे झाले. कावळेसादला दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा, की कड्यावरून पडणारे पाणी खाली न जाता तुषार होऊन पुन्हा वरच फेकले जाते. सूनबाई कठड्याला धरून लहान मुलीसारख्या हसत होत्या. घाटातल्या मुख्य धबधब्यावर मात्र पायऱ्यांवर उभे राहायला जागा नव्हती. वेफर्सच्या पिशव्या पाण्याबरोबर वाहत होत्या. तेथे दहा मिनिटांत सगळे परतले. आजी हिरवळीवर पाय ठेवीत नव्हत्या. वाट सोडून कोणी गवतात शिरले, तर त्यांचा चेहरा उतरे. पण त्या बोलल्या नाहीत.

हिरण्यकेशीला देवळामागच्या गुहेतून नदी उगम पावते. आजरा, गडहिंग्लजवरून पुढे घटप्रभेला मिळणारी ती हीच. आजींनी तांब्या भरला, बरोबर आणलेल्या दुहेरी फडक्यातून पाणी गाळले आणि फडके उलटे करून, गाळलेल्याच पाण्याने, त्याच प्रवाहात हलकेच विसळले. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत. विहिरीचे आडात नाही आणि आडाचे नदीत नाही. याच कुंडात एक लहानसा मासा सापडला आणि 2020 साली त्याला हिरण्यकेशीचेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. नातवाने तेथील फलक मोठ्याने वाचून दाखविला. आजींनी फडके पिळले नाही. तसेच ओले हातावर घेऊन त्या बराच वेळ दगडावर बसून राहिल्या.

"चुकलं माझंच," त्या म्हणाल्या. "तिथी बघून निघालो आपण. तिथी बघून पाऊस पडतो होय? जमिनीतनं जीव वर आले, तेव्हाच चातुर्मास बसला म्हणायचा."

अण्णांजवळ याला उत्तर नव्हते. पुढच्या वेळी दिवाळीनंतर येऊ, असे ते म्हणाले. तेव्हा धबधबे आटलेले असतात, हे सूनबाईंनी लक्षात आणून दिले. मग कोणीच काही बोलले नाही.

महादेवगडावरून सूर्यास्त पाहायचा बेत होता. तो सोडून दुपारी दोनलाच गाडी परतीला लागली, म्हणजे उजेडात जंगल ओलांडता येईल. अण्णा हळू चालवीत होते. एका वळणावर त्यांनी एकाएकी ब्रेक दाबला आणि कोणी काही म्हणण्याआधीच ते पावसात खाली उतरले. समोर टायरचा एक काळा तुकडा पडलेला होता. त्यांनी तो उचलून कडेला टाकला, रुमालाने हात पुसले आणि गाडी सुरू केली.